मॅग्नेट शाळांची स्थाननिश्चिती

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत विज्ञान, कला, भाषा यांचे खास अभ्यासक्रम, म्हणजेच ‘मॅग्नेट’ शाळा, कोणत्या वस्तीत सुरू करायच्या, हे ठरविण्याची प्रक्रिया. वेगवेगळ्या वंशांची मुले एकत्र शिकावीत म्हणून केलेल्या सक्तीच्या बसवाहतुकीऐवजी पालकांनी आपण होऊन मुले दुसऱ्या वस्तीत पाठवावीत व वांशिक विभाजन घटावे, हा मूळ हेतू. पहिला प्रयोग १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहरात, कृष्णवर्णीय वस्तीतल्या मॅकार्व्हर प्राथमिक शाळेत झाला.

मिसूरीतील कॅन्सस सिटीचा अनुभव सर्वांत बोलका आहे. न्यायालयाच्या आदेशाने १९८६ पासून तेथील सर्व हायस्कुले, मिडल स्कूल आणि निम्म्या प्राथमिक शाळा मॅग्नेट करण्याची योजना राबविली गेली; सेंट्रल हायस्कूलला ऑलिंपिक मापाचा जलतरण तलाव मिळाला. तरी उपनगरांतील गौरवर्णीय मुले अपेक्षेइतकी आली नाहीत. शालेय जिल्ह्याबाहेरची मुले ओढण्याचे हे उद्दिष्टच कनिष्ठ न्यायालयाच्या अधिकारापलीकडचे असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ‘मिसूरी विरुद्ध जेंकिन्स’ खटल्यात दिला.

जागा निवडताना रिकामे वर्ग, इमारतीची अवस्था, बसचे अंतर हे सारे पाहतात. खरा पेच मात्र प्रवेशाचा असतो. गरीब वस्तीत मॅग्नेट शाळा उघडली आणि जागा बाहेरच्यांनी भरल्या, तर शेजारच्या मुलांवर अन्याय होतो. म्हणूनच स्थानिकांसाठी राखीव जागा आणि मोफत बस यांचा निर्णय स्थानाबरोबरच व्हायला हवा.