दवंडीपासून चावडीच्या भिंतीपर्यंत : नोटीस वाचण्याचा इतिहास

आज साक्षरतेच्या आकड्यांबद्दल थोडं कमी बोलू आणि एका साध्या कागदाबद्दल जास्त. तो कागद म्हणजे नोटीस. चावडीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर, बाजार समितीच्या दाराशी लावलेली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शंभरातले ऐंशीहून जास्त लोक साक्षर होते, असं 2011ची जनगणना सांगते. पण साक्षर म्हणजे कोण? 1911च्या जनगणनेत व्याख्या अशी होती, की ज्याला मित्राला पत्र लिहिता येतं आणि त्याचं उत्तर वाचता येतं, तो साक्षर. व्याख्या चांगली आहे. पण बघा, मित्राचं पत्र आपल्या बोलीत असतं. सरकारचा कागद मित्राच्या भाषेत बोलत नाही.

त्याआधी काय होतं? दवंडी होती. कोतवाल किंवा महार वतनदार हलगी वाजवत गल्लीबोळातून फिरायचा आणि हुकूम मोठ्यांदा सांगायचा. दवंडीत एक गोष्ट महत्त्वाची होती. लोकांपर्यंत पोचवायचं ओझं सांगणाऱ्यावर होतं. ऐकू आलं नाही तर "काय म्हणला गा?" असं विचारता यायचं. कागदाला प्रश्न विचारता येत नाही.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि आपल्याकडे कागदाचं राज्य वाढलं. कापसाचा व्यापार वाढला. 1870 मध्ये जलंब ते खामगाव रेल्वे सुरू झाली. 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. खामगावात गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याभोवती आता चिठ्ठी, पावती, हिशेब, नियम असे कागदच कागद होते. माल त्याचा, पण हिशेब वाचणारा दुसराच.

1908चा दिवाणी प्रक्रिया कायदा बघा. जमिनीवर जप्ती आली तर त्या जागी डफ वाजवून किंवा रूढ पद्धतीने जाहीर करायचं, आणि हुकमाची प्रत जमिनीवर व कोर्टाच्या इमारतीवर ठळक जागी लावायची. म्हणजे कायद्यालाही ठाऊक होतं, की नुसता कागद पुरत नाही.

शिवाय कागद होता कुठल्या लिपीत? शाळेत बालबोध, पण दस्तऐवज आणि सावकाराची वही मोडीत. शाळा शिकलेला पोरगाही घरच्या खताजवळ अडायचा. मुंबई इलाख्यातही हेच दुखणं होतं. म्हणून महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बालबोध दोन्ही वाचन, लेखन आणि हिशेब असावा अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या पोराला रोज कुठला कागद सामोरा येतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

स्वातंत्र्यानंतर मोहिमा आल्या. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि 1972 मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. 1978 मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन. या सगळ्यांनी अंगठ्याच्या जागी सही आणली. ही लहान गोष्ट नाही. माझ्या मते अडचण पुढे आहे. सही करता येते, पण कशावर करतोय ते वाचता येत नाही, तर ती सही अंगठ्यापेक्षा धोक्याची. अंगठा लावणाऱ्याला कोणीतरी वाचून तरी दाखवायचं.

1966च्या जमीन महसूल संहितेतलं कलम 150 घ्या. फेरफाराची नोंद घेतली की तलाठ्याने तिची प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि संबंधितांना लेखी कळवायचं. हरकत नाही आली तर नोंद पुढे सरकते. आता समजा, मेहकरकडच्या एखाद्या गावात बाप वारला आणि वारसांच्या नोंदीत लेकीचं नाव सुटलं. नोटीस लागली. म्हातारी माय नातवाला म्हणते, "बापू, काय लिहेल हाये थे वाच बरं." नातू अक्षर न् अक्षर वाचतो. पण "हितसंबंधित", "हरकत", "प्रमाणित" हे शब्द दोघांनाही कळत नाहीत. मुदत जाते. पुढे अपिलाची वाट असते, पण ती लांब आणि खर्चाची.

म्हणून मी म्हणतो, कोणतीही नोटीस हातात आली की चार गोष्टी आधी शोधा : कोणासाठी आहे, कशाबद्दल आहे, शेवटची तारीख कोणती, आणि उत्तर कुठे द्यायचं. बाकीचं नंतर वाचा. तारीख सापडली की अर्धी लढाई झाली.

आता "आपली चावडी" नावाने फेरफाराच्या नोटिसा संकेतस्थळावर दिसतात. नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा 17 मार्च 2024 रोजी महाराष्ट्रात झाली, तिला वयस्कर माणसंही बसली. चांगलंच आहे. पण चावडीची भिंत निदान येता-जाता दिसायची. मोबाइलमधली भिंत मुद्दाम उघडावी लागते. ओझं पुन्हा वाचणाऱ्यावरच आलं.

लोकांनी वाचायला शिकावं हे खरंच. पण लिहिणाऱ्यानेही लोकांना वाचता येईल असं लिहायला शिकावं. दवंडी देणाऱ्याला ते येत होतं.