व्याज, कलांतर आणि दामदुप्पट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'निर्व्याज प्रेम' हे शब्द आपण सत्कारसमारंभांत हमखास ऐकतो. पुष्कळांना त्याचा अर्थ 'बिनव्याजी प्रेम' असा वाटतो. परतफेडीची अपेक्षा नसलेले, म्हणून बिनव्याजी! अर्थ चुकीचा आहे, पण चूक मोठी गोड आहे. संस्कृतात 'व्याज' म्हणजे कपट, बहाणा, सोंग. साहित्यशास्त्रात व्याजस्तुती नावाचा अलंकार आहे. त्यात वरून स्तुती आणि आतून निंदा असते. निर्व्याज म्हणजे ज्यात कपट नाही ते. आणि हाच 'व्याज' शब्द आपण मराठीत आणि आपल्या शेजाऱ्यांनी गुजरातीत कर्जावरच्या वाढीसाठी नेमला आहे. सावकाराच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला या दोन अर्थांत फारसे अंतर वाटले नसेल.

संस्कृत धर्मशास्त्रांनी मात्र या वाढीला व्याज म्हटले नाही. त्यांचे शब्द 'वृद्धी' आणि 'कुसीद'. वृद्धी हा शब्द सभ्य आहे, धान्याच्या राशीसारखा. कुसीदाला तेवढी इज्जत नव्हती. दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठी पाणिनीने वेगळा शब्द साधून दाखवला आहे, आणि तो निंदेच्या अर्थाने होतो असेही बजावले आहे. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्याने शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हा धर्म्य दर ठरवला, व्यापाऱ्यांसाठी पाच, रानावनातून माल नेणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस. जेवढा धोका मोठा, तेवढे व्याज चढे. आजच्या बँकेतला अधिकारी हे कोष्टक पाहून मान डोलावेल.

शाळेत ज्याने आपल्याला घाम फोडला ते चक्रवाढ व्याज मनुस्मृतीत 'चक्रवृद्धी' या नावाने येते, आणि तिथे ते नापसंत आहे. त्याच्याच जोडीला 'कायिका' आहे, म्हणजे देहाने, अंगमेहनतीने फेडायचे व्याज. हा शब्द पोथीत राहिला, पण ती चाल काही पोथीत राहिली नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींमध्ये लग्नासाठी कर्ज काढून सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. 1945च्या वारली उठावात ही वेठ मोडण्याची मागणी होती.

जुन्या मराठीत व्याजासाठी आणखी एक देखणा शब्द होता, कलांतर. भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास 'लीलावती' रचली, तिच्यात मुद्दल आणि व्याज यांना 'मूल' आणि 'कलांतर' म्हटले आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ स्थापला, तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे. लीलावतीतले एक उदाहरण असे, की दरमहा शेकडा पाच दराने वर्षाअखेर मुद्दल आणि कलांतर मिळून एक हजार झाले, तर दोन्ही वेगळे करून सांग. उत्तर 625 आणि 375. गणित सोपे आहे, पण दर पाहा. वर्षाला शेकडा साठ! आपल्या अंकगणितातला 'दसादशे', म्हणजे दर साल दर शेकडा, त्यामानाने सौम्य वाटतो. पण खेड्यात दसादशेची भाषा कमीच असे. तिथे धान्य पेरणीला न्यायचे आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करायचे. एक मण नेले तर सव्वा मण, नाहीतर दीड मण. मधे किती महिने गेले याचा हिशेब नाही.

या सगळ्या चढाओढीत कर्जदाराच्या बाजूचा असा एकच शब्द मला दिसतो, तो म्हणजे दामदुप्पट. दाम हा मुळात ग्रीक 'द्राख्मे', संस्कृतात द्रम्म होऊन आपल्याकडे आला. दामदुप्पट म्हणजे एका वेळी मागायचे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. शंभर दिलेत ना, मग कितीही वर्षे लोटोत, एका वेळी दोनशेच्या वर मागू नका. ही मर्यादा मनुस्मृतीत आहे, आणि इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी ती हिंदू कायद्याचा भाग म्हणून मानली. इंग्रजीतल्या निवाड्यांत हा शब्द तसाच्या तसा, भाषांतर न होता, आजही सापडतो.

मग 1875मध्ये दख्खनचा शेतकरी का पेटला? 1855च्या कायद्याने व्याजाच्या दरावरचे निर्बंध उठले होते. 1859च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू कर्जदाराच्या भल्याचा होता, पण सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षे भरत आली की जुना रोखा फाडायचा आणि थकलेले व्याज मुद्दलात धरून नवा लिहून घ्यायचा. आता मुद्दलच फुगले, तेव्हा दामदुप्पट मोजायची कशावर? शब्द जागेवर राहिला, पण त्याच्या आतले मुद्दल बदलले. त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वधारलेला कापूस युद्ध संपताच कोसळला, सावकारांनी हात आखडले आणि सरकारने शेतसारा वाढवला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते रोखे आणि खतावण्या. त्यांची होळी झाली. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातले अक्षर आपल्याला वाचता येत नाही, तो कागद जाळण्यात केवढा आवेश असेल! पुढे चौकशी आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले आढळले. 1879च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला.

1946च्या मुंबई सावकारी कायद्यातही मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूमनामा देऊ नये असे कलम होते. त्या कायद्याच्या जागी 2014मध्ये महाराष्ट्रात नवा सावकारी कायदा आला.

पण आज दामदुप्पट म्हटले की कोणाला हे कलम आठवते? 1988मध्ये टपाल खात्यात किसान विकास पत्र आले, साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट. ती सरकारी आणि सरळ योजना होती. 2014मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा दुप्पट व्हायला शंभर महिने लागणार होते. तिच्या आजूबाजूला मात्र वर्षात, सहा महिन्यांत दामदुप्पट देणारी दुकाने उघडली आणि रातोरात बंद झाली. अशा ठेवीदारांसाठी महाराष्ट्राला 1999मध्ये वेगळा संरक्षण कायदा करावा लागला. जो शब्द सावकाराला 'इथे थांब' म्हणून सांगण्यासाठी होता, तोच आता 'इथे ये' म्हणून चौकातल्या फलकावर लागतो, आणि त्या फलकाखाली उभा राहून फॉर्म भरणारा माणूस पुष्कळदा निवृत्तीचे पैसे घेऊन आलेला असतो.