मैदान बदलले तेव्हा: गवत, कृत्रिम हिरवळ आणि भारतीय हॉकी

१/ मार्च १९७५, क्वालालंपूर. अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ असे नमवून अजितपाल सिंग यांच्या संघाने हॉकीचा विश्वचषक जिंकला. विजयी गोल ध्यानचंद यांचे सुपुत्र अशोककुमार यांचा. पुढच्याच वर्षी माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हे जगज्जेते सातव्या क्रमांकावर घसरले. दरम्यान पायाखालची जमीन बदलली होती.

२/ माँट्रिअलमध्ये ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. ऑस्ट्रेलियाने भारताला ६-१ असे हरवले. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा भारत पहिल्यांदा रिकाम्या हाताने परतला. सुवर्णपदक न्यूझीलंडने पटकावले.

३/ फरक नेमका कोणता? गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडखळतो, मंदावतो. त्याला काठीने थोपवणे, काठीलगत खेळवत नेणे आणि प्रतिस्पर्ध्याला चकवणे, हे तिथले कौशल्य. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. त्यामुळे लांब पल्ल्याचे पास, जोरकस फटके आणि दमसास यांचे मोल वाढले.

४/ प्रश्न पैशाचाही होता. गवताचे किंवा मातीचे मैदान गावोगावी असे. कृत्रिम मैदानाचा खर्च मोठा, आणि पाण्यावर चालणाऱ्या नंतरच्या मैदानांना तर हजारो लिटर पाणी लागे. युरोपातील संपन्न देशांना हे झेपले. भारतात मात्र मुले मातीवर शिकत आणि मोठ्या स्पर्धेत कृत्रिम मैदानावर उतरत. शिक्षण एका भाषेत आणि परीक्षा दुसऱ्या, अशी ही अवस्था.

५/ बदलाची झळ कारागिरांनाही लागली. जालंधर आणि सियालकोट येथे तुतीच्या लाकडापासून हॉकीच्या काठ्या घडवण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. पुढे कार्बन आणि काचतंतूंच्या काठ्या आल्या आणि लाकूड जोखणाऱ्या, वाकवणाऱ्या हातांचे महत्त्व ओसरले.

६/ तरीही सारा दोष मैदानाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. १९६० मध्ये रोमला भारत अंतिम सामना हरला होता. १९६८ आणि १९७२ मध्ये कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. हे सारे गवतावरच घडले. शिवाय त्याच खेळपरंपरेत वाढलेल्या पाकिस्तानने १९८४ चे ऑलिंपिक सुवर्ण कृत्रिम मैदानावर जिंकले. भारतानेही १९८० मध्ये मॉस्कोत सुवर्ण मिळवले, पण बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ तेथे नव्हते.

७/ म्हणजे तंत्रज्ञानाने घसरण सुरू केली नाही. आधीच लागलेली उतरण तीव्र केली. पुण्याजवळच्या खडकीत मातीवर खेळत वाढलेले धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळले, पण ऑलिंपिक पदक त्यांच्या वाट्याला आले नाही. २००८ मध्ये तर भारत ऑलिंपिकसाठी पात्रही ठरला नाही.

८/ टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ४१ वर्षांनी पदक परतले. २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य मिळाले. हे यश आले ते कृत्रिम मैदानावर घडलेल्या पिढीच्या हातून. नवे साधन येते तेव्हा जुने कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी ठरत नाही. पण त्या साधनावर सराव करण्याची संधी कोणाला आधी मिळते आणि कोणाला दशकभर उशिरा, यावर पिढ्यांचे भवितव्य ठरते. माँट्रिअलनंतरच्या भारतीय खेळाडूंना ही संधी फार उशिरा मिळाली.