हंगामी कारखाना वगळून

माझ्या आजोबांचे कामगार विम्याचे ओळखपत्र आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे. आजीच्या नावाचा असा एकही कागद नाही. दोघांच्याही छातीत जन्मभर कापसाचीच धूळ गेली. आजोबा मुंबईच्या गिरणीत, रिंगखात्यात. आजी जालन्याकडे, जिनिंगमध्ये. आजोबांचा खोकला कायद्याला ऐकू आला. आजीचा आला नाही. असे का झाले, हे शोधण्यासाठी मी मूळ कायदाच वाचायला घेतला.

कामगार विम्याचा विषय निघाला की आपण बाबासाहेबांचे नाव अभिमानाने घेतो, आणि ते रास्तच आहे. १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ह्या काळातच, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले व १९४४ साली त्यांचा अहवाल आला. विधेयक मात्र बाबासाहेब खात्यातून बाहेर पडल्यावर, १९४६ च्या अखेरीस मांडले गेले आणि एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली पोचली. परंतु अभिमानापाशी थांबून आपण कलमे वाचीत नाही, अशी माझी तक्रार आहे. ती माझ्याविरुद्धही आहे. पदवी घेतल्यावर दहा वर्षे मीही ती वाचली नव्हती.

लाभ मिळण्यास पात्र कोण? कारखाना यांत्रिक शक्तीवर चालणारा हवा, त्यात २० किंवा अधिक माणसे हवीत, कामगाराचे वेतन महिना ४०० रुपयांच्या वर नको. इथपर्यंत आजी बसते. जिनिंगही यंत्रावरच चालत होते, माणसे विसाच्या कितीतरी वर होती, आणि ४०० रुपये तिने एकरकमी कधी पाहिलेच नव्हते. पण कायद्याने हंगामी कारखाना वगळला होता, आणि हंगामी म्हणजे काय तेही सांगून ठेवले होते : सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर, गूळ, चहा, कॉफी, लाख, रबर. ही यादी वाचताना मला आमची सारी वस्तीच नजरेसमोर आली. कोण जिनिंगला, कोण साखर कारखान्याच्या आवारात. ऊस तोडणारे तर ह्या यादीच्याही बाहेर. ते कारखान्यात नव्हतेच, मुकादमाच्या उचलीत होते.

वगळण्यामागे कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. विम्याची वर्गणी पगारातून कापायची, तिचा हिशेब ठेवायचा, तर माणूस हजेरीपटावर बारमाही हवा. चार महिने राबून जो निघून जातो त्याचा हिशेब कोणी ठेवायचा? कारकुनाची अडचण खरी होती. पण बारमाही कोण आणि हंगामी कोण, हे काही कारकुनाने ठरविलेले नव्हते. ज्याच्याजवळ जमीन नाही, गावकीची कामे ज्याच्या गळ्यात बांधलेली, तोच हंगामात जिनिंगच्या दारात उभा राहत होता. कायद्यात जातीचा शब्द कोठेही नाही. तशी गरजही नव्हती.

गिरणीच्या आतही सारे सारखे नव्हते. साचेखात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून तेथे अस्पृश्यांना प्रवेश नसे. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या सुमारास हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघड मांडला होता. आजोबा रिंगखात्यात का, याचे उत्तर तेथे आहे. त्यांची कित्येक वर्षे बदलीत गेली. आजारपणाचा रोख भत्ता ठराविक वर्गण्या भरल्या तरच मिळे आणि बदलीवाल्याच्या वर्गणीत खाडे पडत. शिवाय योजना भागवार लागू होत गेली. त्यामुळे गावी राहणाऱ्या आजीला नवऱ्याच्या विम्याचाही उपयोग झाला नाही. आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो : मूळ कायद्यातील कुटुंबाच्या व्याख्येत विमेदार पुरुषाचे अवलंबून असलेले आईबाप होते, विमेदार बाईचे नव्हते. ती दुरुस्ती १९८९ साली झाली.

आता माझ्या पिढीकडे येतो. २०१२ साली राज्यात जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती सर्व जिल्ह्यांत गेली. येथे वर्गणी नाही, हजेरीपट नाही; शिधापत्रिकेचा रंग पाहायचा. पिवळी व केशरी पात्र, पांढरी अपात्र. मला वाटले, आजीचा प्रश्न सुटला. आमचे कार्ड केशरी होते. मी एका विनाअनुदानित महाविद्यालयात महिना १२,००० रुपयांवर लागलो आणि स्वतः तहसीलीत जाऊन कार्ड पांढरे करून आणले. केशरीची मर्यादा वर्षाला १ लाखाची होती, आमचे १ लाख ४४ हजार झाले होते. खोटे कशाला बोलायचे? आणि खरे सांगतो, पांढऱ्या कार्डाचा थोडा अभिमानही होता. घरातला पहिला पदवीधर ना! २०१५ साली वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने कार्ड पाहिले व मान हलविली. वडील काहीच बोलले नाहीत. मी पतसंस्थेचे कर्ज काढले. ते २०२१ पर्यंत फेडीत होतो.

१ लाखाची ती रेषा १९९९ साली, तिरंगी कार्डे आली तेव्हाची. पुढे १४ दुष्काळी व आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना पांढरे कार्ड असूनही योजनेत घेतले गेले. सात-बारा दाखवायचा, एवढेच. त्यांत आमचा जालना जिल्हाही होता. त्या शेतकऱ्यांचे दुःख खोटे नाही, मी ते जवळून पाहिले आहे. पण सात-बारा नसलेल्याने काय दाखवायचे होते? सर्व रंगांच्या कार्डांना ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि तो २०२४ मध्ये अमलात आला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र कामगार विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाना पुन्हा वगळलेलाच आहे. बहात्तर वर्षांनी तेच शब्द.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी विम्याची जुनी कार्डे असतील त्यांनी ती जपून ठेवावीत, आणि ज्यांच्या घरी नसतील त्यांनी आजीला, आत्याला बसवून हंगाम, मजुरी, मुकादम हे सारे विचारून लिहून घ्यावे. आमच्याकडून ते राहून गेले. आजी २००९ साली गेली. तिने जिनिंगचे किती हंगाम केले, असे परवा घरी विचारले. आत्या म्हणाली, बावीस. वडील म्हणाले, छे, अठ्ठाविसाच्या वरच असतील.