फोर्टमधला फोर्ट गेला कुठे?

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात, पण तिथे ना चर्च दिसतं ना गेट. चर्च आहे, पण लांब, हॉर्निमन सर्कलजवळ: १७१८ साली सुरू झालेलं सेंट थॉमस. त्या चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून चर्चगेट. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे, साधारण तिथेच तो दरवाजा होता. उत्तरेला बाजारगेट आणि दक्षिणेला अपोलो गेट. या तीन दरवाज्यांच्या आत जी वस्ती होती ती फोर्ट, म्हणजे तेव्हाची मुंबई.

मुंबईभोवती तट उभा राहिला तो १७१५ च्या अखेरीस आलेल्या गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात. समोर कान्होजी आंग्रे होते. बूनने १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवत परत आला. गंमत बघा, या फोर्टच्या पोटात जो जुना बॉम्बे कॅसल आहे, तो आज नौदलाचा तळ आहे आणि त्याचं नाव आहे आयएनएस आंग्रे!

खरी धडकी भरली ती मे १७३९ मध्ये. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. साष्टी त्याआधीच गेली होती, म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडे मराठेच. तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. मला ही वर्गणी फार बोलकी वाटते. पुस्तकात आपण वसईचा विजय वाचतो. पण त्याच बातमीने तटाच्या आतला गुजराती-पारशी व्यापारी आपली पेढी कशी वाचेल या काळजीत पडला होता.

आत दोन जगं होती. चर्चगेट स्ट्रीटच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडच्या, दक्षिणेला मुख्यतः गोरे आणि उत्तरेला आपली माणसं, अगदी दाटीवाटीने. फेब्रुवारी १८०३ मध्ये उत्तर भागात आग लागली आणि घरंच्या घरं जळून गेली. सरकारला वाटलं, चला, आता लोकांना बाहेर वसवू. पण लोक कसले ऐकतात! बऱ्याच जणांनी आतच पुन्हा घरं बांधली. जागा मोक्याची, शिवाय तटाच्या आतली. बाहेर नवी वस्ती वाढली, तीही मधली मोकळी जमीन सोडूनच.

ही मोकळी जमीन हाच माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. तटावरच्या तोफांना समोरचं स्वच्छ दिसावं म्हणून बाहेरची घरं आणि माडांच्या वाड्या हटवून सरकारने मैदान केलं. त्याला एस्प्लनेड म्हणत. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान हे त्याचेच उरलेले तुकडे. आज तिथे रविवारी एकमेकांच्या पिचमध्ये घुसून शंभर मॅच चालतात, ती जागा आपल्याला तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली मिळाली आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, शत्रू उरला नाही, तरी तट पुढे चाळीसहून जास्त वर्षं तसाच. जुन्या सिस्टिममध्ये असा कोड असतो बघा, कशासाठी लिहिलाय ते संपलं, पण काढायला कुणी धजत नाही. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेला बार्टल फ्रियर मात्र धजला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत धो धो येत होता, जमिनीला सोन्याचा भाव होता. तट पाडला, खंदक बुजवला, मोकळे झालेले प्लॉट विकले. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि बाजार कोसळला, अनेक शेठ बुडाले, पण तट गेला तो गेलाच. पुढे हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर हे सगळं या पश्चिम कडेला, ओव्हलकडे तोंड करून उभं राहिलं.

दगड बघायचाच असेल तर सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जा. फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा तिथे अजून आहे. बाजूने पेशंटचे नातेवाईक डबे घेऊन ये-जा करत असतात.