थैली सारखी, संघ वेगळा

आपल्या शेजारच्या मावळात, द्रुतगती महामार्गालगत, गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम आहे. जाता-येता आपण सगळ्यांनीच ते पाहिलेलं आहे. २०१२ साली ते सुरू झालं तेव्हा त्याला सहारा समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांचं नाव होतं. आज ते नाव तिथे नाही आणि तिथे खेळणारा पुणे वॉरियर्स संघही नाही. असं का झालं, याचा आज आपण विचार करू.

मार्च २०१० मध्ये सहाराने आयपीएलमधला पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना, म्हणजे सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. तोवर एवढी बोली कोणी लावली नव्हती. २००८ साली मुंबईचा संघ सगळ्यांत महाग होता, त्याची किंमत ११ कोटी १९ लाख डॉलर.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. ही रक्कम क्रिकेट मंडळाची, हप्त्याने द्यायची. खेळाडूंवरच्या खर्चाला मात्र मर्यादा होती. २०११च्या लिलावात प्रत्येक संघाला ९० लाख डॉलर. मालक कितीही गब्बर असो, थैली सारखीच! पुण्याने त्यातले १८ लाख युवराज सिंगवर आणि २१ लाख रॉबिन उथप्पावर लावले. म्हणजे ३९ लाख दोघांतच संपले.

पुढे काय झालं? पहिल्या वर्षी दहा संघांत नववा, दुसऱ्या वर्षी नऊ संघांत नववा, तिसऱ्या वर्षी आठवा. २०१२ला युवराज कर्करोगामुळे खेळू शकला नाही, हा दैवाचा भाग. पण कर्णधार बदलत राहिले. युवराज, मग गांगुली, मग मॅथ्यूज, फिंच. तिकडे सामने ठरल्यापेक्षा कमी मिळाले म्हणून फी कमी करा, असा सहाराचा मंडळाशी वाद चालू होता. अखेर बँक हमी दिली गेली नाही आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने करार संपवला.

याउलट मुंबई पाहा. मालक तितकेच धनाढ्य, पण पहिलं विजेतेपद मिळालं ते सहाव्या हंगामात, २०१३ला. त्याच वर्षी त्यांनी बुमराह नावाच्या अनोळखी पोराला मैदानात उतरवलं. २०१५ला हार्दिक पंड्या फक्त १० लाख रुपयांत घेतला. थैलीची मर्यादा त्यांनाही होतीच. त्यांनी माणसं हेरली आणि वाट पाहिली.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ला खुलं झालं. पण त्यांनी नुसतं मैदान बांधलं नाही. तालमी पोसल्या, पैलवानांच्या खुराकाची सोय केली. म्हणून कोल्हापूर कुस्तीचं गाव राहिलं. पैलवान विकत आणता येतो, तालीम मात्र वर्षानुवर्षं चालवावी लागते.

तेव्हा औदार्य म्हणजे मोठी रक्कम मोजणं नव्हे. ती कशावर, कधी आणि किती काळ, हे कळणं म्हणजे औदार्य. सहाराचे पैसे बोलीत गेले. गहुंज्याला आज सुंदर मैदान आहे, पण पुण्याच्या पोरांना आपला म्हणावा असा संघ नाही.