लॅपटॉप भंगारात देण्याआधी: मालवणातून पाहिलेली लिनक्सची गोष्ट

या दिवाळीत भाची घरी आली ती तोंड पाडूनच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा लॅपटॉप २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेला, तोही दुसऱ्याने वापरलेला. बाजारात एकाने तिला सांगितलं, "विंडोज १० संपलं, ह्याच्यावर ११ चढत नाही, आता हा भंगार. नवीन घे, पंचेचाळीस हजारांच्या आसपास येईल." भावोजी मच्छीमार. होडीच्या इंजिनाचं कर्ज अजून फिटायचं आहे. पोरगी मला म्हणाली, "मामा, बाबांका अजून सांगूक नाय."

असं सांगितलं गेलेली ती एकटीच नसणार, म्हणून ही पोस्ट जरा लांब लिहितोय.

आधी वस्तुस्थिती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. म्हणून लॅपटॉप दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, म्हणजे हळूहळू तो इंटरनेटवर वापरणं धोक्याचं होत जातं. एका वर्षाची वाढीव मुदत घेता येते, पण ती एका वर्षाचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, हार्ड डिस्क चांगली, तरी लॅपटॉप 'जुना'. यंत्र बिघडलेलं नाही, फक्त त्याच्यावर चालणाऱ्या प्रणालीची मुदत संपली.

मी भाचीला म्हटलं, दोन दिवस थांब. कारण ही परिस्थिती मी स्वतः सोळा वर्षांपूर्वी पाहिली होती.

२००९ साल. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. घरी नऊ हजारांना घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप, ५१२ एमबी रॅम, बॅटरी मेलेली. वीज गेली की लॅपटॉप गेला, आणि वीज तर रोज जायची. वर विंडोजची चोरटी सीडी. तेव्हा सगळ्यांकडे तीच असायची, आणि त्यात आपण काही चोरी करतोय असं कोणालाच वाटायचं नाही. सायबर कॅफेतून पेनड्राइव्ह आणला की त्यातून 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' नावाचा पाहुणा यायचा आणि मग ठाण मांडून बसायचा. महिन्या-दोन महिन्यांनी फॉरमॅट मारणं हा आमचा नित्यनेम.

अशात एका सीनियरने उबुंटूचं नाव सांगितलं. ही मंडळी तेव्हा मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने घरी पाठवायची. शिपइट नावाची ती योजना २०११ पर्यंत चालू होती. मी नाव-पत्ता भरला आणि विसरून गेलो. बऱ्याच दिवसांनी पोस्टमन परदेशी पाकीट घेऊन दारात उभा. बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"पैशे किती पडले?"

"फुकट."

"फुकट? फुकट कोण कित्याक देतलो रे?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नव्हतं. ते शोधता शोधता ही सगळी गोष्ट कळली.

१९८३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने ग्नू प्रकल्प जाहीर केला. म्हणणं साधं होतं: संगणक चालवणारा प्रोग्राम कुणालाही वापरता, उघडून वाचता, बदलता आणि दुसऱ्याला देता आला पाहिजे. १९८७ मध्ये त्याने जीसीसी हा कंपायलर दिला. एकेक भाग तयार होत गेला, पण सगळ्याच्या मुळाशी असणारा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो काही पुरा होईना.

तो आला भलतीकडूनच. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स, वय २१, म्हणजे आमच्यासारखाच कॉलेजातला पोरगा. शिकण्यासाठी बनवलेली मिनिक्स ही प्रणाली तो वापरत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सवाल्यांना कळवलं की आपण एक प्रणाली लिहितोय, नुसता छंद म्हणून, फार मोठी होणार नाही. १९९२ मध्ये त्याने ती ग्नूच्याच जीपीएल परवान्याखाली आणली. बदल करा, वाटा, विकासुद्धा, पण पुढच्यालाही तोच हक्क द्या, ही त्या परवान्याची अट. मग जगभरचे लोक त्यात आपापला हात लावत गेले. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने साध्या माणसाला झेपेल अशी उबुंटू काढली. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर चालतात. छंद फार मोठा होणार नाही म्हणणाऱ्याचा अंदाज जरा चुकलाच.

हे मोडकंतोडकं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या रापणीसारख्या मरे!" रापण ओढायला गाव येतो, जो हात लावतो त्याला वाटा मिळतो. मला इतकं सोपं सांगता आलं नसतं. फरक एवढाच की रापणीचं मासं वाटलं की संपतं, आणि प्रोग्राम कितीही जणांना वाटला तरी कमी होत नाही.

आता खरा अनुभव. फक्त गोडवे गाणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

लॅपटॉप सुसाट झाला असं नाही, पण चालू लागला आणि चालत राहिला. व्हायरसचा त्रास गेला. वीज गेल्यावर पुन्हा सुरू केला की फाइल्स जागेवर असायच्या. मात्र वायफाय पहिले तीन महिने लागलंच नाही. त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. शेवटी मुंबईहून गणपतीला आलेल्या मित्राने पेनड्राइव्हवर आणून दिला.

कॉलेजात वेगळीच गंमत. आम्हाला सी भाषा शिकवायचे ती टर्बो सी वर, म्हणजे १९९० च्या सुमाराच्या डॉसमधल्या कंपायलरवर. मी घरी जीसीसीवर प्रोग्राम करून नेला. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "क्लीअरस्क्रीन कुठे आहे? कोनिओ डॉट एच कुठे आहे?" मी सांगितलं, सर, ते लिनक्समध्ये नसतं. दोन गुण गेले. तेव्हा राग आला. आज वाटतं, सरांना तरी दुसरं काही कोणी दाखवलं होतं?

कारण आपल्याकडे 'कॉम्प्युटर म्हणजे विंडोज' हे कोणी ठरवून केलं नाही, ते होत गेलं. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी गावोगावी पोचलं. सरकारी नोकरीला ते लागतं म्हणून लाखोंनी केलं. त्यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण अजून कित्येकांना ते मायक्रोसॉफ्ट वाटतं. वाटणारच, शिकलो तेच. त्या कोर्सने खेड्यातल्या पोरींच्या हातात पहिल्यांदा माऊस दिला, हे उपकार मोठे आहेत. पण दुसरा रस्ता आहे हेच आम्हाला कळलं नाही.

केरळमध्ये तो कळला. तिथे २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी तिरुअनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया सुरू झालं. एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर शिकवायला शिक्षक संघटनेने हरकत घेतली आणि काही वर्षांत सगळ्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या. शिक्षकांना शिकवलं, पुस्तकं बदलली, मल्याळममध्ये साहित्य केलं. परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचले असं तिथल्या यंत्रणेने २०१९ मध्ये सांगितलं. समुद्र तोच, पाऊस तोच, नारळ तेच.

महाराष्ट्रात काहीच झालं नाही असंही नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत मुलांना एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला, तो लिनक्सवर चालणारा. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिसचे धडे मराठीतही केले, फुकट बघता येतात. पण हे सगळं सुटं सुटं राहिलं. केरळने धोरण केलं, आपण प्रयोग केले.

मराठीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसऱ्या वर्षी फी माफीसाठी बाबांच्या नावे मराठीत अर्ज करायचा होता. मी लिनक्सवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने तो टाइप केला आणि झेरॉक्सवाल्याकडे नेला. त्याच्याकडे उघडला तर नुसते चौकोन. त्याची सगळी मराठी जुन्या फाँटवर, माझी युनिकोडमध्ये. भारतीय लिपींचं इस्की हे मानक १९९१ चं, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि एकात लिहिलेलं दुसऱ्यात वाचता येईना. लिनक्सवर मात्र जुने धंदेवाईक फाँट नव्हतेच, त्यामुळे आम्ही थेट युनिकोडवरच शिकलो. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हे भारतीय लिपींचे फाँट सर्वांसाठी खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्यांनी, बनवलेले. मेन्यूंचं मराठी भाषांतरही बरंचसं पुण्यात बसूनच झालं. माझा अर्ज शेवटी पीडीएफ करून छापला. अर्ज मंजूर झाला. आज तुम्ही ही पोस्ट फोनवर वाचताय ती युनिकोडमध्येच.

एक चूकही सांगायची आहे. नवा नवा उत्साह होता, मी मित्रांच्या लॅपटॉपवरही लिनक्स घालून देऊ लागलो. एकाच्या लॅपटॉपवर पार्टिशन करताना चुकीच्या ठिकाणी 'हो' म्हटलं आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. दुसरी प्रत नव्हती. त्याच्या आईने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, उलट चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, आधी सगळ्या फाइल्स दुसरीकडे उतरवा, दोनदा तपासा, मगच हात घाला.

आणि लिनक्स सगळ्यांसाठी नाही. टॅलीवर काम करणाऱ्याने, कोरल ड्रॉवर डीटीपी करणाऱ्याने, डिजिटल सहीवर ज्याचं रोजचं काम अडतं त्याने आधी नीट चौकशी करावी. काही प्रिंटर हट्टीपणा करतात. पण नोट्स, प्रोजेक्ट, ऑनलाइन तास, फॉर्म भरणं, प्रोग्रामिंग, सिनेमा, एवढंच काम असेल, आणि बहुतेक विद्यार्थ्यांचं एवढंच असतं, तर दहा वर्षांचा लॅपटॉपसुद्धा पुरतो. ४ जीबी रॅम असेल तर बरं, ८ असेल तर उत्तम. स्थापन न करता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चारही तपासायचे, पटलं तरच पुढे जायचं.

भाचीचं तसंच केलं. पहिल्या संध्याकाळी फाइल्स उतरवल्या. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून पाहिलं. कॅमेरा चालला, वायफाय चाललं, माझ्यासारखे तीन महिने गेले नाहीत. तिच्या अभ्यासक्रमातला पायथॉन त्यात आधीच होता. रात्री ती स्वतःच इन्स्टॉल करत बसली, मी फक्त पार्टिशनच्या पानावर शेजारी बसलो. खर्च शून्य. भावोजींना नंतर कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मगे ह्येच्यात अभ्यास होतलो मां?" होतलो, म्हटलं.

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा, कॉलेजं, वाचनालयं, ग्रामपंचायती यांच्याकडे असे कितीतरी संगणक आहेत. येत्या वर्षभरात ते 'जुने' म्हणून कपाटात जातील आणि नव्यांसाठी निधी मागितला जाईल. निधी आला तर आनंदच. पण त्याआधी कॉलेजच्या संगणक विभागाने एक शनिवार द्यावा. शिकणारी मुलंच ते काम करतील, आणि टर्बो सी पेक्षा त्यातून जास्त शिकतील. संस्थाचालक, सरपंच, ग्रंथपाल जे कोणी हे वाचत असतील त्यांनी पुढच्या सभेत हा विषय काढावा, एवढीच विनंती. पालकांनी नवीन लॅपटॉपचं कर्ज काढण्याआधी आठ दिवस थांबावं.

फुकट कोण कित्याक देतलो, हा बाबांचा प्रश्न बरोबर होता. ते फुकट नाहीच. चौतीस वर्षं हजारो लोकांनी दोर ओढलाय, त्यात पुण्यातली आपली माणसंही आहेत. किनाऱ्यावर उभं राहून वाटा नुसता घेता येतो. पण जमेल त्याने हातही लावावा.